शुक्रवारचा सातवा तास: ख्रिस्ती शाळेत धर्म, नीती आणि तत्त्वज्ञान कसं शिकवावं

जूनमध्ये वेळापत्रक लागतं तेव्हा गणित, इंग्रजी, विज्ञान आधी बसतात. मग हिंदी, भूगोल. सगळ्यात शेवटी, ज्या शिक्षकाचे तास कमी भरतात त्याच्या नावापुढे ‘नीतिमूल्ये’ लिहिलं जातं, बहुधा शुक्रवारी, सातव्या तासाला. मला हा विषय असाच मिळाला. मी मराठीची शिक्षिका, धर्माने ख्रिस्ती नाही. शाळा सिस्टरांची, गाव नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातलं. वर्गात कॅथलिक मुलं पाच-सहा, बाकीची हिंदू, बौद्ध, मुसलमान. हातात एक पुस्तक आलं. त्यात प्रत्येक धड्याखाली चौकटीत तात्पर्य होतं, आणि पोरं आधी तात्पर्य वाचून मोकळी व्हायची.

त्याला बावीस वर्षं झाली. ज्यांच्या गळ्यात हा तास पहिल्यांदाच पडलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आठवी ते दहावीचे वर्ग डोळ्यापुढे आहेत. माझी कसोटी एकच आहे आणि पुढच्या पायऱ्या तिच्यातूनच निघतात: माणसं एखादी गोष्ट का मानतात हे मुलाला इतकं नीट सांगता यावं, की ती मानणाऱ्याने ऐकून म्हणावं, ‘हो, असंच आहे आमचं.’ स्वतः काय मानायचं ते मूल आपलं आपण बघेल.

पायरी १: दोन तासांची गल्लत करू नका

बहुतेक कॅथलिक शाळांत सोय अशी असते: कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला (आम्ही कॅटेकिझमच म्हणतो) सिस्टरांकडे जातात आणि बाकीची वर्गात नीतिमूल्यांना बसतात. धर्मशिक्षण हे श्रद्धेचं पोषण आहे. प्रार्थना, संस्कार, दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची) तयारी, सगळं तिथे. ते मूल विश्वास ठेवतं हे तिथे धरूनच चालतात, आणि त्यात गैर काही नाही. आपला तास अभ्यासाचा. त्याला सगळे एकत्र बसतात, कॅथलिक मुलंसुद्धा. पहिल्या वर्षी मी ही मागणी केली तेव्हा मुख्याध्यापक सिस्टर जरा थबकल्या. मग त्यांनीच मला सांगितलं की हा भेद चर्चला नवा नाही. १९८८ साली व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने काढलेल्या पत्रकात शाळेतलं धर्माचं शिक्षण आणि कॅटेकिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट म्हटलंय. त्याच्याही आधी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) एकाच दिवशी दोन घोषणापत्रं मंजूर केली. एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल. दुसरं इतर धर्मांशी असलेल्या नात्याबद्दल, आणि त्यात त्या धर्मांमधलं जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं आहे. तुमच्या शाळेत एखाद्या फादरांना शंका आली तर ही तारीख सांगा. फार उपयोगी पडते.

कायद्याची बाजूही माहीत हवी. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम २८ ची दुसरी बाजू अशी: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत देता येतं, पण कुणालाही संमतीशिवाय त्या तासाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची. धर्मांविषयी शिकवणं ही त्याहून निराळी गोष्ट. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला. शिक्षक म्हणून मला याचा अर्थ असा लागतो: प्रार्थना करायला लावायची असेल तर विचारून, आणि प्रार्थना म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर सगळ्यांनी मिळून.

हा भेद धूसर राहिला तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय हिंदू विधवांची शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन दिलेली. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, स्वतःची प्रार्थना करत, आणि दार बंद करून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंचं म्हणणं होतं की स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना लपवून का करायची? पालकांचं म्हणणं होतं की आम्हाला दिलेल्या शब्दाचं काय? मी नववीला हा प्रसंग दोन तास शिकवते, कारण दोन्ही बाजूंना वजन आहे. पण त्याआधी तो शिक्षकांनी स्वतःशी सोडवून बघावा. आपल्या वर्गाचं दार उघडं आहे की बंद, आणि आत काय चाललंय हे बाहेर सांगितलंय का?

पायरी २: पालकांना चिठ्ठी द्या

जूनच्या पहिल्या आठवड्यातच. लांबलचक नको. माझी अशी असते:

‘इयत्ता नववीच्या सर्व मुलांसाठी आठवड्यातून एक तास धर्म, नीती आणि विचार या विषयाचा असेल. त्यात ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, इस्लाम, जैन या परंपरांतल्या गोष्टी व विचार अभ्यासाला घेतले जातील. या तासात प्रार्थना वा उपासना होणार नाही. कुणाच्या श्रद्धेला किंवा अश्रद्धेला गुण नाहीत. कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षण वेगळ्या वेळी होईल. वर्षभराचे प्रश्न मागे छापले आहेत. शंका असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर भेटावे.’

मागच्या बाजूला प्रश्न छापणं महत्त्वाचं. पालकांना भीती असते ती न दिसणाऱ्या गोष्टीची. बावीस वर्षांत शनिवारी भेटायला आलेले पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे ‘आम्हालाही बसता येईल का’ विचारायला आले होते.

पायरी ३: वर्षाची आखणी प्रश्नांवर करा

जुलै हिंदू धर्म, ऑगस्ट इस्लाम, सप्टेंबर बौद्ध, अशी आखणी मी दोन वर्षं केली. संस्थापक, ग्रंथ, सण, पूजास्थान, अशा चार रकान्यांचा तक्ता झाला. मुलांनी पाठ केला आणि विसरली. प्रत्येक धर्म म्हणजे एक रकाना भरायचा नमुना, असा भलताच समज मात्र राहून गेला.

आता मी वर्षाला सहा प्रश्न घेते. शुक्रवार कागदावर छत्तीस दिसतात. स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह, चाचण्या आणि ‘मिस, आज गणिताला तास द्या ना’ हे वजा जाता बावीस-तेवीस उरतात. प्रश्नाला साधारण चार तास. नववीचे माझे प्रश्न हे: सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय का? शेजारी कोणाला म्हणायचं? चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का येतं? देव आहे हे कशावरून? नियम मोडणं कधी बरोबर ठरतं? माफ करणं म्हणजे काय? प्रत्येक प्रश्नाला एक ख्रिस्ती कथा किंवा विचार, निदान दोन इतर परंपरा, आणि एक गावातलं उदाहरण. ख्रिस्ती शाळा आहे म्हणून ख्रिस्ती कथा आधी येते, हे मी मुलांना उघड सांगते. ‘आपण कुणाच्या अंगणात बसलोय ते ठाऊक असलेलं बरं,’ एवढंच.

पायरी ४: एक तास प्रत्यक्षात कसा घ्यायचा

इथे जरा थांबते, कारण एवढा एक तास जमला तरी बाकीचे जमतात.

प्रश्न पहिला, सारखं देणं म्हणजे न्याय का. कथा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातली, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांची. आमच्या गावात ही वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वर्गात बागाईतदारांची मुलं असतात आणि पेठ-सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेल्या मजुरांचीही.

पहिली पाच मिनिटं. कथा सांगते, पण अर्ध्यावर थांबते. मळ्याचा धनी पहाटे नाक्यावर जातो, माणसं घेतो, दिवसाला एक दिनार ठरवतो. नऊला पुन्हा जातो, बाराला, तीनला. पाच वाजता जातो तेव्हाही काही माणसं उभी असतात. ‘दिवसभर रिकामे का उभे?’ ‘कुणी बोलावलंच नाही.’ त्यांनाही घेतो. संध्याकाळी मजुरी वाटायची वेळ येते. इथे पुस्तक मिटायचं.

पुढची पाच मिनिटं. प्रत्येकाने वहीत लिहायचं: पाच वाजता आलेल्याला किती द्यावं, आणि का. बोलायचं नाही. हे लिहून घेणं चुकवू नका. नाहीतर वर्गातली तीन बोलकी मुलं सगळ्यांच्या वतीने विचार करतात.

मग दहा मिनिटं हात वर. दरवर्षी उत्तरं त्याच तीन ढिगांत पडतात. तासाच्या हिशोबाने द्या. पोटापुरतं सगळ्यांना द्या. जे ठरलं ते द्या. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, ‘मिस, त्याने उक्तं काम द्यायला पाहिजे होतं. एकरी पैसे ठरवले की भांडणच नाही.’ वर्ग हसला. पण त्याने फार मोठी गोष्ट हेरली होती: मजुरी कामाची असते की वेळेची? मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि दोन तास त्यावर गेले.

त्यानंतर शेवट वाचायचा. धनी शेवटच्यापासून सुरुवात करतो आणि सगळ्यांना एक-एक दिनार देतो. पहाटे आलेले कुरकुर करतात. धनी म्हणतो, तुझ्याशी ठरलं तेच दिलं ना? मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात का दुखतं?

इथे वर्ग पेटतो. बागाईतदाराची मुलगी म्हणते, असं केलं तर उद्या पहाटे कोण येईल? मजुराचा मुलगा म्हणतो, पाचपर्यंत नाक्यावर उभं राहणं हेसुद्धा कामच आहे. अशा वेळी शिक्षकाने काय करायचं? काही नाही. फक्त प्रत्येकाला विचारायचं, ‘समोरच्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग, मग तुझं सांग.’ माझ्या तासाचा हा एकमेव सक्तीचा नियम.

शेवटची दहा मिनिटं माझी. ख्रिस्ती परंपरेत ही कथा मजुरीच्या कायद्याविषयी म्हणून फारशी वाचली जात नाही. देवाची कृपा कमावता येत नाही, उशिरा आलेल्यालाही ती पूर्ण मिळते, असा अर्थ लावतात. हे मी सांगते आणि विचारते: मग ही कथा बाजाराला लागू करायची का? काही ख्रिस्ती विचारवंतांनी ती मजुरीलाही लावली आहे, काहींनी नाही. घंटा होते तेव्हा प्रश्न उघडाच असतो. तात्पर्याची चौकट मी काढत नाही.

पायरी ५: ‘मला वाटतं’च्या पुढे न्या

नीतीच्या तासाचा ठरलेला आजार म्हणजे ‘ज्याचं-त्याचं मत’. चर्चा रंगते आणि सगळे आपापल्या मतासकट घरी जातात. यावर मला औषध सापडलं ते न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या जुन्या भारतीय न्याय दर्शनात. अनुमानाचे पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून आग आहे.

फळ्यावर हे लिहिलं की कुणीतरी म्हणतंच, ‘पण गॅसच्या शेगडीला आग असते, धूर नसतो!’ शाबास. जुन्या नैयायिकांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलं होतं, तेच हे. म्हणजे धुरावरून आग ओळखता येते, आगीवरून धूर नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला तर्कातली ही सगळ्यात मोठी चूक एका शेगडीवर कळते.

मग नीतीचा प्रश्न याच साच्यात. ‘कॉपी करणं चूक आहे’ ही प्रतिज्ञा. हेतू? ‘पकडलं तर नापास करतात.’ उदाहरण शोधायला लावलं की मुलांच्याच लक्षात येतं, की मग न पकडलं गेलं तर चूक नाही असं म्हणावं लागेल. हेतू बदलतो: ‘ज्याने अभ्यास केला त्याला फसवणं आहे.’ कुणी म्हणतं, मग सगळ्यांनीच कॉपी केली तर? हेतू पुन्हा बदलतो. तीन-चारदा बदलला की थांबते. उत्तर मिळालेलं नसतं, पण पहिलं उत्तर पुरत नाही हे पुराव्यासकट कळलेलं असतं.

नियम मोडण्याच्या प्रश्नाला मी एक खरा खटला घेते. केरळमधली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या पंथाची. परिपाठाला राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. निकाल आधी सांगू नका. आधी मुलांना न्यायाधीश करा. आमच्या वर्गात निकाल बहुतेक वेळा भावंडांविरुद्ध जातो, आणि खरा निकाल ऐकल्यावर जी शांतता होते ती मला फार आवडते.

पायरी ६: तत्त्वज्ञान म्हणजे पूर्वपक्ष नीट मांडणं

तत्त्वज्ञान म्हटलं की शिक्षक घाबरतात. ग्रीक नावं, जर्मन नावं. सुरुवात आपल्याकडच्या एका शब्दाने करा: पूर्वपक्ष. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं, तोही मान डोलावेल इतक्या ताकदीने मांडायचं. गंमत अशी की तेराव्या शतकातले कॅथलिक चर्चचे थोर विचारवंत थॉमस अक्वायनस यांची रीत हीच. ‘देव आहे का?’ हा प्रश्न घेतला की त्यांचं पहिलं वाक्य ‘देव नाही असं दिसतं’ या अर्थाचं असतं. मग दोन आक्षेप: जगात वाईट आहे, आणि जगातल्या गोष्टींची कारणं जगातच सापडतात, देव आणायची गरज नाही. हे आक्षेप मांडून झाल्यावर ते आपली पाच प्रमाणं देतात आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर.

सिस्टरांच्या शाळेत ‘देव नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्याचा परवाना मला अक्वायनसने दिला. दार उघडून मुख्याध्यापक सिस्टर आत आल्या तरी पुसायची गरज पडली नाही.

वर्गात असं करा. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एक गट देव मानण्याची कारणं मांडेल, दुसरा न मानण्याची. पंधरा मिनिटांनी बाजू बदलायची. बदलणं हेच खरं. जो मुलगा एरवी ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ म्हणून दटावत असतो त्याला ‘मुळात काहीतरी आहे, काहीच नाही असं का नाही?’ हे मांडावं लागतं. जी मुलगी रोज प्रार्थना करते तिला भूकंपात मेलेल्या बाळाचा प्रश्न मांडावा लागतो. तिला ते जड जात असेल तर लिहून द्यायची मुभा ठेवा. श्रद्धा असलेल्या मुलाला तोंडाने नकार बोलायला लावणं हा छळ होऊ शकतो.

दहावीला आणखी एक जुना ग्रीक पेच देते: देवाने सांगितलं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं? पहिलं म्हणाल तर देवाने उद्या खोटं बोलायला सांगितलं तर तेही चांगलं ठरेल. दुसरं म्हणाल तर चांगुलपणा देवाच्याही वर बसला. ख्रिस्ती परंपरेचं एक उत्तर असं की चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे, बाहेरून आणलेला नियम नाही. हे उत्तर पुरतं का, यावर दोन तास सहज जातात.

पायरी ७: दुसऱ्याचा धर्म शिकवताना

माझी एक चूक सांगते. पहिल्याच वर्षी रोज्यांचा विषय निघाला आणि मी वर्गातल्या एकुलत्या एक मुसलमान मुलाला उभं करून विचारलं, ‘तुमच्यात काय असतं, सांग सगळ्यांना.’ तो उभा राहिला, लाल झाला, आणि ‘माहीत नाही’ म्हणून बसला. माहीत नव्हतं असं नाही. त्याला क्षणात एका अख्ख्या धर्माचा वकील केला होता मी. त्यानंतर कुणालाही त्याच्या धर्मासाठी उभं केलेलं नाही. स्वतःहून हात वर झाला तर आनंद.

बोलण्याची एक शिस्त ठेवा. ‘येशू तिसऱ्या दिवशी उठला’ असं कॅटेकिझममध्ये म्हणतात. आपल्या तासाला: ‘येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असं ख्रिस्ती लोक मानतात.’ हीच रीत प्रत्येक धर्माला. आणि ‘ख्रिस्ती लोक’ म्हणताना ‘सगळे’ म्हणायचं नाही. वसईचे कॅथलिक आणि अहिल्यानगरकडचे प्रोटेस्टंट यांच्यातच केवढे फरक आहेत. आपल्याला नसलेलं ज्ञान ‘त्यांच्यात असं असतं’ या शब्दांनी झाकायचं नाही.

‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्यही मी तासात येऊ देत नाही. ऐकायला गोड, पण त्याने विचार थांबतो. साम्य दाखवा, मग लगेच फरक शोधायला लावा. तुकोबांचं ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातलं, मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं. कुराणातल्या एकशे सातव्या सूरेत अनाथाला हाकलणाऱ्यावर आणि साधी मदत नाकारणाऱ्यावर केलेली टीका. तिन्ही शेजारी-शेजारी ठेवा. मग विचारा: तुकोबा इथे साधू कसा ओळखावा ते सांगतात, येशूच्या बोलण्यात शेवटचा न्याय आहे, कुराणात धर्म नाकारणारा कोण याची खूण आहे. तीन वेगळे प्रश्न, आणि तिन्हींच्या उत्तरात गरजू माणूस उभा. हे मुलांना स्वतः दिसलं की त्याची मजा निराळीच.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतिराव फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी (फुल्यांनी स्वतः मांडलेल्या सार्वजनिक सत्यधर्माचा), आणि सगळे एका घरात गोडीने राहतात. मी मुलांना या घरातलं एक संध्याकाळचं जेवण लिहायला देते. भांडण कशावरून होईल आणि मिटेल कसं, एवढं हवं. वर्षातला सगळ्यात चांगला मजकूर या गृहपाठात येतो.

पायरी ८: दुःखाचा प्रश्न जपून

‘चांगल्या माणसाला दुःख का’ हा धडा घेण्याआधी वर्गशिक्षकाला विचारून घ्या, वर्षभरात कुणाच्या घरी काय झालंय. एकदा मी न विचारता घेतला. वडील गेलेली मुलगी तिसऱ्या बाकावर होती.

साहित्य दोनच, पण भरपूर. बायबलमधला ईयोब: सगळं गमावलेला सज्जन माणूस. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. नंतर तोंड उघडतात आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं शास्त्र सांगू लागतात. शेवटी देव मित्रांवरच रागावतो. दुसरी किसा गोतमीची कथा: मेलेलं मूल कवटाळून औषध मागणारी आई, आणि जिथे कुणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगणारे बुद्ध. ईयोबला उत्तर मिळत नाही, भेट मिळते. गोतमीला भेट मिळते ती इतर दुःखितांची. मुलांना विचारा, मित्रांनी बोलायला सुरुवात करण्याआधीचे सात दिवस बरोबर होते का.

आणि ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द या तासात तुम्ही स्वतः उच्चारू नका.

पायरी ९: अडचणीचे प्रश्न

दाराजवळ एक रिकामा डबा ठेवा, निनावी चिठ्ठ्यांसाठी. जे तोंडाने येत नाही ते कागदावर येतं.

‘मिस, ख्रिस्ती नसलेले नरकात जातात का?’ दरवर्षी येतो. ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही हे सांगा. आणि कॅथलिक चर्चची शिकवण अशी की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता (येशूचा संदेश) कळली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि विवेकाला जागून वागतात, तेही तारण पावू शकतात. उरलेलं सिस्टरांना विचारा म्हणावं. माझ्या सिस्टर येऊन उत्तर देतात, आणि मुलांना आवडतं ते त्यांचं ‘मलाही याचं उत्तर शोधावं लागलं’ हे म्हणणं.

‘तुम्ही कुठल्या देवाला मानता?’ मी वर्षाअखेर सांगेन म्हणते, आणि सांगते. आधी सांगितलं तर वर्षभर उत्तरं माझ्याकडे बघून येतात. तुम्ही ख्रिस्ती असाल तर मुलांना ते आधीच ठाऊक असणार. मग लपवू नका, पण पूर्वपक्ष मांडताना दुप्पट काळजी घ्या.

‘शाळेत धर्मांतर करतात का?’ असा प्रश्न आला तर रागावू नका. १९६५ च्या त्याच परिषदेने श्रद्धेत जबरदस्ती असू नये असं जाहीर केलं आहे, संविधानाचं धर्मस्वातंत्र्याबद्दलचं कलम २५ काय म्हणतं, आणि शारदा सदनाचं काय झालं, हे तिन्ही समोर ठेवा. जातीचा प्रश्न आला, चर्चमध्येही जात असते का असा, तर ‘असते’ म्हणा. दलित ख्रिस्ती हा शब्द त्याशिवाय आला नसता.

पायरी १०: गुण

शक्यतो श्रेणी द्या, गुण नको. दिलेच पाहिजेत तर तीनच गोष्टींना: दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडलं का, स्वतःच्या म्हणण्याला हेतू आणि उदाहरण दिलं का, आणि वर्षात एकदा तरी मत बदललं असेल तर कशामुळे ते लिहिलं का. मत कोणतं आहे याला शून्य वजन. वही तपासताना समासात ‘छान’ लिहायचा मोह होतो. त्याऐवजी एक प्रश्न लिहा. वेळ तेवढाच लागतो.

मार्चमध्ये डबा रिकामा करताना न घेतलेल्या चिठ्ठ्या मी पुढच्या वर्गासाठी ठेवून देते. यंदा एकच उरली आहे, निळ्या शाईत, अक्षर ओळखीचं पण नाव नाही: ‘माफ केलं तर विसरावं पण लागतं का?’ जूनमधला पहिला शुक्रवार तिचा.